कॉम्प्रेशन घरी तपासता येतं. काटा कुठे थांबला यासोबत तो कसा चढला तेही बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ची वॅगनआर, १०६१ सीसी, चार सिलिंडर. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, चार वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलंय. गाडी गरम झाली की सिग्नलला थरथरते, घाटात दम धरत नाही. गॅरेजमध्ये बोनेट उघडून, कान लावून 'कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल' असं सांगितलं (हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टनभोवतीच्या रिंगा वगैरे बदलण्याचं काम) आणि ४० हजारांचा आकडा दिला. हे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हा सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, घरच्या घरी तपासता येईल का?

येईल. आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायच्या आधी ते तपासलंच पाहिजे. तुम्ही तपासा नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. कान लावून मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नाही हे, कळतं. मुरलेल्या मिस्त्रीला कुठला सिलिंडर मिस मारतोय हेही कळतं. पण तो का मिस मारतोय, प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की खरोखरच दाब धरत नाही म्हणून, हे कानाला कळत नाही. त्यासाठी गेज लावावा लागतो. गेज न लावता 'कॉम्प्रेशन गेलंय' म्हणणं हा अंदाज झाला, आणि ४० हजार ही अंदाजावर घालवायची रक्कम नव्हे.

आधी गेजचं बोलू. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एकाच्या टोकाला रबराचा कोन असतो, तो प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा. दुसऱ्याला होज असतो आणि त्याच्या टोकाचे आटे प्लगच्या जागी बसतात. आट्यांचाच घ्या. रबरी कोन दाबून धरताना हात जरा ढिला पडला की हवा निसटते आणि चांगला सिलिंडर खराब दिसतो. शिवाय प्लग खोल विहिरीत असतील तर तो कोन तिथे पोचतही नाही. हजार-दोन हजारांत ३०० पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचं माप) गेज आणि दोन-तीन मापांचे ॲडॉप्टर असा संच मिळतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत प्लगचे आटे १४ मिलीमीटरचे असतात, काही नव्या इंजिनांत १२चे. आपला प्लग सोबत नेऊन आटे आणि त्यांची लांबी जुळवून घ्या. ॲडॉप्टर प्लगपेक्षा लांब असेल तर पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला टेकण्याची भीती असते.

होजच्या टोकाशी, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, एक छोटा व्हॉल्व्ह असतो. दिसायला तो ट्यूबच्या व्हॉल्व्हपिनसारखाच असतो. आत आलेला दाब तो अडवून धरतो, म्हणून काटा वर थांबतो. हा व्हॉल्व्ह खराब झाला की लोक पंक्चरवाल्याकडून टायरची पिन आणून बसवतात. ते करू नका. टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच दाब खर्च होतो आणि सगळे सिलिंडर कमी दाखवतात. गेजसाठी नरम स्प्रिंगची पिन वेगळी मिळते. आणि सेल्फ थांबल्यावर काटा लगेच खाली सरकत असेल तर इंजिनाला नावं ठेवण्याआधी ही पिन बघा.

स्वस्त गेज खरा असतो का, असं हमखास विचारलं जातं. आकडा दहा-पंधरा पीएसआयने इकडे तिकडे असू शकतो. पण तो चारही सिलिंडरना सारखाच खोटं बोलतो. आपल्याला मुख्यतः सिलिंडरांची आपसात तुलना करायची असल्यामुळे त्याने फारसं बिघडत नाही.

आता तयारी. बहुतेक चुकीची रीडिंग इथेच जन्माला येतात, म्हणून इथे घाई नको.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण २०० ते ३०० फेऱ्यांनी फिरायला हवं. बॅटरी अर्धमेली असेल तर पहिला सिलिंडर १७० दाखवेल आणि शेवटचा १४०, आणि तुम्ही निष्कारण शेवटच्या सिलिंडरला दोष द्याल. शंका असेल तर शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी जंपर केबलने जोडून ठेवा.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन गरम करा. गरम इंजिनात रिंगा आणि व्हॉल्व्ह आपापल्या कामाच्या मापावर आलेले असतात. तुमची तक्रार तर गरम झाल्यावरचीच आहे, त्यामुळे थंड इंजिनाची रीडिंग घेऊन तुमच्या हाती फार काही लागणार नाही. मात्र गाडी बंद केल्या केल्या प्लगला पाना लावू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते अगदी तापलेलं असताना प्लग काढला की आटे ओरबाडून निघण्याचा धोका असतो. प्लगच्या आसपास हात धरवेल इतपत निवू द्या.

मग इंधन बंद. सीएनजी गाडीसाठी माझा क्रम असा आहे: गाडी सीएनजीवर चालू असताना टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पाइपातला गॅस संपला की गाडी पेट्रोलवर येते किंवा बंद पडते. बंद पडली तर पेट्रोलवर चालू करायची. मग चालू इंजिनातच पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा. लाइनमधलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद होतं. आता सेल्फ मारला तरी सिलिंडरमध्ये इंधन येत नाही. ही पायरी गाळू नका. प्लगची भोकं उघडी असताना सेल्फ मारला की आतलं सगळं बाहेर फेकलं जातं. त्यात पेट्रोलची वाफ किंवा गॅस असेल आणि जवळपास एक ठिणगी पडली, तर बोनेटखाली भडका उडतो. शिवाय पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रीडिंग कमी येतं.

इग्निशनही बंद हवं. कॉइलचे सॉकेट काढून बाजूला ठेवा. प्लगच्या वायरी नुसत्या लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर ठिणगी वाट शोधते. कधी तुमच्या हाताची, कधी इग्निशन मॉड्यूलची. हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नको. विडी-सिगारेट लांब ठेवा हे वेगळं सांगायला नको, पण आपल्याकडे ते सांगावंच लागतं.

प्लग काढण्याआधी त्यांच्या विहिरींत हवा मारून घ्या, सायकलचा पंपही चालेल. तिथे साचलेली वाळू आत पडली तर तपासणीच्या नादात सिलिंडरला चरे पडतील. मग चारही प्लग काढा, एकच नव्हे. बाकीचे तीन जागेवर ठेवले तर सेल्फवर ओझं येतं आणि फिरण्याचा वेग पडतो. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवा. पहिला सिलिंडर तुमच्या इंजिनात बेल्टच्या बाजूचा.

गेज लावण्याआधी त्या प्लगांकडे दोन मिनिटं बघा, ते पुष्कळ सांगतात. तपकिरी-करडा म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त. ओला, तेलकट, काळा म्हणजे तेल वर येतंय. पांढुरका म्हणजे तो सिलिंडर फार तापतोय. सीएनजीवर हे सेटिंग बिघडल्याचं लक्षण असू शकतं. आणि चारांतला एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर कूलंट आत जातंय का ते बघायला लागा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. गेजचे आटे हाताने बसवा आणि हातानेच घट्ट करा. टोकाला रबरी रिंग असते, ती हवा अडवायला पुरेशी आहे; पाना लावलात तर उद्या ॲडॉप्टर काढताना रडाल. दुसऱ्या माणसाला आत बसवा. त्याने क्लच दाबायचा आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. तुमच्या गाडीला केबलचा ॲक्सिलरेटर आहे, त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, खरोखर उघडतो. थ्रॉटल बंद राहिला तर इंजिनाला हवाच मिळत नाही आणि चारही सिलिंडर मेल्यासारखे दिसतात. 'चारही सिलिंडर ९०वर आहेत' असं घाबरून सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, ॲक्सिलरेटर दाबला होता का?

सेल्फ मारायला सांगा आणि ठोके मोजा. गेज लावलेल्या सिलिंडरचा दाब आला की काटा एक उडी मारतो. अशा पाच-सहा उड्या पुरेत. वेळेच्या हिशेबात म्हणाल तर तीन-चार सेकंद. प्रत्येक सिलिंडरला तितकेच ठोके द्या. एकाला चार आणि दुसऱ्याला दहा दिलेत तर तुलना संपली. दोन सिलिंडरांच्या मध्ये सेल्फला मिनिटभर विश्रांती द्या.

आणि आता मथळ्यात म्हटलेली गोष्ट. बहुतेक लोक फक्त शेवटचा आकडा लिहितात. तुम्ही पहिल्या ठोक्याचाही लिहा. फोनवर काट्याचा व्हिडिओ काढलात तर सगळ्यांत उत्तम, नंतर सावकाश बघता येतो. धडधाकट सिलिंडरमध्ये पहिल्याच ठोक्याला काटा निम्म्याच्या वर जातो, समजा १००. मग १४०, १६०, १७० आणि तिथे स्थिरावतो. रिंगा झिजलेल्या असतील तर पहिला ठोका दुबळा असतो, ५०-६०, पण काटा दर ठोक्याला थोडा थोडा चढत राहतो आणि शेवटी बऱ्यापैकी वर पोचतो. कारण गळती झाली तरी गेजच्या होजमध्ये आधीच्या ठोक्याचा दाब अडकलेला असतो, त्यावर नवा दाब साचत जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला ठोका दुबळा असतोच, पण पुढेही काटा फारसा वाढत नाही. ६०, ७५, ८० आणि तिथेच बसतो. म्हणजे शेवटचा आकडा १४० असलेले दोन सिलिंडर एकसारखे असतीलच असं नाही. एक तिथे तीन ठोक्यांत पोचला असेल, दुसरा आठ ठोक्यांत.

चारही झाले की तेच पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर ते खरे धरायचे.

किती आकडा चांगला? अनेक सुझुकी पेट्रोल इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नव्या इंजिनासाठी १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे १९९ पीएसआय, असं प्रमाण दिलेलं दिसतं; किमान मर्यादा ११-१२ किलोच्या आसपास आणि कुठल्याही दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा, म्हणजे सुमारे १४ पीएसआयपेक्षा, जास्त फरक नको. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. गॅरेजमधला जुना ठोकताळा याहून सैल आहे: सगळ्यांत कमी सिलिंडर सगळ्यांत जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको, आणि १०० पीएसआयच्या खाली तर कुठलाच नको. माझं मत विचाराल तर १ लाख ४० हजार चाललेल्या गाडीत २० पीएसआयचा फरक दिसला म्हणून मी इंजिन उघडणार नाही. ४० दिसला तर पुढे शोध घेईन.

काही जण कॉम्प्रेशन रेशोवरून हिशेब मांडतात: रेशो ९, हवेचा दाब १४.७ पीएसआय, गुणाकार १३२. मग गेजवर १७० दिसले की गोंधळतात. हवा दाबली की तापते, आणि तापली की दाब आणखी वाढतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो, तेच इथे जोरात होतं. उलट बाजूला, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा असतो, तेवढी हवा परत जाते. शिवाय गेज बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरून मोजतो. हे सगळं गुणाकारात येत नाही, त्यामुळे तो नाद सोडा.

उंचीचा हिशेब मात्र खरा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्क्यांनी कमी. मुंबईत १८० दाखवणारं इंजिन पुण्यात १७०च्या आत-बाहेर दाखवणार. महाबळेश्वरला तर १५ टक्क्यांच्या आसपास घट होईल. त्यात इंजिनाचा दोष काहीच नाही.

आता एखादा सिलिंडर खरंच कमी आला, तर तेलाची चाचणी करायची. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीलीटर, इंजिन ऑइल टाका. भोकावर फडकं ठेवून एक-दोन सेकंद सेल्फ मारा म्हणजे तेल पसरेल. मग गेज लावून पुन्हा तितकेच ठोके. आकडा चांगला ३०-४० पीएसआयने उडाला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा जवळजवळ जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, नाहीतर गॅस्केट (हेडखालचा, दाब अडवणारा पातळ थर). तेल जास्त ओतू नका. जास्त तेलाने आतली जागाच कमी होते आणि दाब खोटा वाढतो. फारच जास्त झालं तर पिस्टनला वर यायलाच जागा राहत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. दुखणं घालवायला गेलो आणि दवाखान्यात भरती झालो, असं व्हायला नको.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडलेले असतील, आणि तेही जवळजवळ सारख्याच आकड्यावर, तर त्या दोघांमधली हेड गॅस्केट जळल्याची शंका घ्या. त्याबरोबर कूलंट कमी होतं का, ऑइलची कॅप उघडल्यावर आत दुधाळ चिकटा आहे का ते बघा. पावसाळ्यात थोडा थोडाच प्रवास करणाऱ्या गाडीच्या कॅपला असा चिकटा नुसत्या दमटपणानेही येतो, त्यामुळे डिपस्टिकवरही दिसतोय का ते पाहा.

चारही सारखेच पडलेले असतील तर एकाच दिवशी चारही सिलिंडर म्हातारे झाले असं समजू नका. आधी बॅटरी, मग थ्रॉटल, मग टायमिंग बेल्ट. बेल्ट एखादा दात सरकला तर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात आणि सगळ्यांचा दाब एकदम घसरतो. बेल्ट नुकताच बदलला असेल तर हीच शंका पहिली. उलट एखादा सिलिंडर इतरांहून बराच वर, २२०-२३०वर, दिसला तर त्याचं कौतुक करू नका. आत कार्बनचा थर जमलाय, किंवा तेल वर येऊन साचतंय.

आता तुमच्या गाडीबद्दल. तुम्ही सांगितलेली लक्षणं आणि चार वर्षांची सीएनजी, हे दोन्ही एकत्र वाचलं की माझं लक्ष रिंगांकडे जातच नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे जातं. सीएनजी कोरडं इंधन आहे. पेट्रोल बारीक थेंबांनी येतं, त्याची वाफ होताना आतली उष्णता ओढली जाते. गॅसबरोबर ते होत नाही. पेट्रोलसाठी बनवलेल्या व्हॉल्व्ह-सीटा (व्हॉल्व्ह मिटताना ज्यांवर टेकतो त्या कड्या) सीएनजीवर हळूहळू झिजतात आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो. व्हॉल्व्ह आत गेला की त्याची मागची दांडी वर येते, आणि टॅपेटचं अंतर, म्हणजे ती दांडी आणि तिला दाबणारा भाग यांतली फट, कमी होतं. लोकांना वाटतं झीज म्हणजे अंतर वाढणार, टॅपेट वाजणार. इथे उलटं होतं, इंजिन गप्प होत जातं. अंतर शून्यावर आलं की गरम झाल्यावर दांडी लांबते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मिटला नाही की दाब निसटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडमध्ये जायची वाटच बंद होते. मग त्याची कड जळते.

म्हणूनच अशी गाडी सकाळी थंडीत बरी चालते आणि गरम झाल्यावर सिग्नलला थरथरते. तुमच्या रीडिंगमध्ये एक सिलिंडर गरम इंजिनात पडलेला, तेल टाकून न सुधारलेला, आणि काटा हळूहळू चढण्याऐवजी एका जागी अडलेला दिसला, तर हेड उतरवण्याआधी टॅपेट मोजून घ्या. टॅपेट कव्हर काढून, फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घालून, मॅन्युअलमधल्या अंतराशी ताडायचं. मॅन्युअल थंड इंजिनाचं अंतर देत असेल तर इंजिन रात्रभर निवू देऊनच मोजा. स्क्रूने सेट होणारे टॅपेट असतील तर हे काम तासा-दीड तासाचं आणि काही शे रुपयांचं आहे. नंतरच्या कित्येक इंजिनांत स्क्रू नसतो, वेगळ्या जाडीचा टॅपेटच बसवावा लागतो. ते जास्त वेळखाऊ, तरीही हाफ इंजिनापुढे काहीच नाही.

अशीच एक चार सिलिंडरची सीएनजी टॅक्सी आमच्याकडे आली होती. तीन सिलिंडर १७०च्या आसपास, एक ९५. तेल टाकल्यावर १००. एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलर गेजचं सगळ्यांत पातळ पानही शिरेना. अंतर सेट केल्यावर तोच सिलिंडर १५०वर आला आणि थरथर गेली. मालकाला तेव्हाच सांगितलं की सीट झिजलेली आहे, अंतर पुन्हा कमी होणार, दर काही हजार किलोमीटरला बघत राहा आणि हेडच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवा. व्हॉल्व्हची कड जळलेलीच असती तर सेटिंगने काही झालं नसतं. तरीही काम हेडपुरतंच राहिलं असतं: व्हॉल्व्ह बदलणं, लेथवाल्याकडे सीट कापून किंवा नवी बसवून घेणं, सील, गॅस्केट. त्यासाठी रिंगांना हात लावायचं कारण नव्हतं.

तेल टाकूनही नक्की होत नसेल तर हवेची चाचणी आहे. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे त्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद असतील. गेजच्या होजमधली पिन काढून त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, ४०-५० पीएसआय पुरे, आणि ऐकायचं. हवा थ्रॉटलकडून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून सुस्कारा येत असेल तर एक्झॉस्ट. ऑइल कॅपमधून जोरात येत असेल तर रिंगा. तिथे हलकी फुसफुस चांगल्या इंजिनातही असते. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. रेडिएटरची कॅप मात्र इंजिन थंड झाल्यावरच उघडायची. कॉम्प्रेसर घरी नसला तरी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे गाडी उभी करून हे जमतं. एक सांभाळा: पिस्टन वरच्या टोकापासून जरा सरकलेला असेल तर हवेच्या जोराने इंजिन गर्रकन फिरतं. पुलीवर लावलेला पाना आधी काढा, आणि हात लांब ठेवा.

एका गोष्टीत कॉम्प्रेशन गेज तुम्हाला फसवेल. गाडी ऑइल पिते आणि तरी चारही आकडे उत्तम, असं होऊ शकतं. पिस्टनवर दाब धरणाऱ्या रिंगा वेगळ्या आणि तेल खरवडणारी रिंग वेगळी. तेलाची रिंग कार्बनने चिकटली तर ऑइल जळतं, पण दाब तसाच राहतो. व्हॉल्व्ह सील कडक झाले तरी तेच; सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक भपका येतो आणि मग धूर थांबतो. तेव्हा 'ऑइल खाते' आणि 'कॉम्प्रेशन गेलं' या दोन तक्रारी एकत्र करू नका.

गेज मिळेपर्यंत अंदाज हवा असेल तर इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, प्लग जागेवर असताना, नुसता सेल्फ मारून ऐका. धडधाकट इंजिनाचा ठेका सारखा पडतो. एक सिलिंडर पडलेला असेल तर इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत एकदा सेल्फ हलका होऊन पुढे पळाल्यासारखा वाटतो. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघायची रीतही जुनी आहे, पण अंगठ्याला दाब आहे की अजिबात नाही एवढंच कळतं. १७० आणि ११० यांतला फरक कळत नाही.

काम झाल्यावर प्लग परत बसवताना सुरुवातीच्या फिरक्या हातानेच द्या. हात पोचत नसेल तर प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवा. आटे चुकीचे लागले तर नळीच घसरते आणि हेड वाचतं. वॉशरवाला नवा प्लग टेकल्यावर पान्याने अर्धी ते दोन तृतीयांश फिरकी पुरे. जुनाच परत घालत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला टेकल्यावर जरासा ताण दिला की झालं. कॉइलचे सॉकेट, पंपाचा फ्यूज आणि शेवटी सीएनजीचा व्हॉल्व्ह. पहिल्यांदा स्टार्ट व्हायला थोडा जास्त सेल्फ लागेल. तेल टाकलं असेल तर मिनिटभर निळा धूर येईल.

हे वाचणाऱ्यांत कुणाकडे डिझेल असेल तर हा गेज त्याला लावू नका. डिझेलचा दाब ३५०-४५० पीएसआयच्या घरात असतो, पेट्रोलचा गेज तिथे फुटतो. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून ते काम करावं लागतं, ते जाणत्या माणसाकडेच द्या.

तुमची रीडिंग झाली की चारही सिलिंडरचे पहिल्या ठोक्याचे आणि शेवटचे आकडे, कमी आलेल्याचे तेल टाकल्यानंतरचे, आणि गाडी कुठल्या गावात तपासली ते लिहा. तोपर्यंत हाफ इंजिनाला होकार देऊ नका, आणि गाडी शक्यतो पेट्रोलवरच चालवा.